पहिलीतच पडतो छत्तीसचा आकडा

ऊसतोडीचा हंगाम संपला, की आपल्या बीड जिल्ह्यात गावोगाव हिशेबाचे दिवस येतात. मुकादम ओट्यावर बसतो, वही उघडतो आणि वाचू लागतो. उचल एवढी घेतली, टनामागे मजुरी एवढी झाली, मधे दवाखान्याला एवढे नेले, खाडे एवढे पडले, बाकी एवढी राहिली. समोर नवरा-बायकोचा कोयता बसलेला असतो. 'बरोबर असंल, तुमी काय खोटं सांगताय व्हय?' असे म्हणून दोघे उठतात आणि राहिलेली बाकी पुढच्या हंगामाच्या मानगुटीवर बसते.

सगळेच मुकादम लबाड असतात, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण समजा, उचल घेतली होती छत्तीस हजार आणि वहीत आकडा पडला ६३ हजार. मुद्दाम पडला की चुकून, हा वेगळा प्रश्न. ज्याला ३६ आणि ६३ यांतला फरक डोळ्यांनी ओळखता येतो, तोच 'मुकादम, जरा थांबा' असे म्हणू शकतो. हा फरक २७ हजारांचा आहे. एका जोडप्याच्या कित्येक दिवसांच्या घामाचा आहे.

आता गंमत पाहा. याच माणसाला दिवसभरात किती मोळ्या बांधल्या, ट्रॉलीत किती चढल्या, किती फडात राहिल्या हे तोंडपाठ असते. त्यात एका मोळीची चूक होत नाही. म्हणजे मोजता येत नाही, अशी स्थिती नाही. मोजता येते, पण मोजलेले कागदावर कसे उतरते, ते वाचता येत नाही. ही तफावत कुठून सुरू झाली, याचा शोध घेत मागे मागे गेले, तर गाडी येऊन थांबते ती गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पहिलीच्या वर्गात.

गावात चर्चा होते दहावीच्या निकालाची, नवोदयची आणि स्कॉलरशिपची. पहिलीच्या वर्गाची चर्चा कोणी करीत नाही. 'पहिलीत काय असतंय? पोरगं बसायला शिकलं तरी लई झालं' हा आपला नेहमीचा सूर. वास्तविक पाहता पेरणी चुकली, तर पुढे खुरपणी-कोळपणी कितीही केली तरी पीक हाती लागत नाही, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. गणिताची पेरणी पहिलीत होते. तिथे वाफसा पाहिला नाही, की पुढची चार वर्षे नुसती मशागत.

आकडे काय सांगतात?

देशभरातल्या ग्रामीण मुलांना वाचता किती येते, गणित किती येते, याची पाहणी 'प्रथम' ही संस्था २००५ सालापासून करीत आली आहे. 'असर' या नावाने तिचे अहवाल निघतात. पाहणी करणारे घरी येतात, मुलाला समोर बसवतात आणि साधी वजाबाकी घालतात. २०२४ च्या पाहणीप्रमाणे देशातल्या ग्रामीण भागात तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे ३४ मुलांनाच ती जमली. २०२२ साली हाच आकडा सुमारे २६ होता, तर कोरोनाच्या आधी २०१८ साली सुमारे २८ होता. म्हणजे सुधारणा आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण अजूनही तिसरीतल्या तीन मुलांपैकी दोघांना वजाबाकी येत नाही. पाचवीच्या मुलांना भागाकार घातला, तर तो जमणारी मुले शंभरात सुमारे ३१.

सरकारला हे ठाऊक नाही, असेही नाही. तिसरी पूर्ण होईपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन, लेखन आणि साधे गणित आलेच पाहिजे, यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केले आणि त्यासाठी २०२६-२७ ची मुदत ठेवली. त्यात पहिलीच्या मुलाकडून अपेक्षा अशी, की ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि सोपी बेरीज-वजाबाकी करता यावी. अपेक्षा वाजवी आहे. ती पुरी करायची कशी, हा खरा प्रश्न आहे आणि तो कागदावर सुटणारा नाही.

तोंडपाठ आहे, पण मोजता येत नाही

पाहुणे आले, की आपण पोराला पुढे करतो. 'म्हण रे, एक ते शंभर म्हणून दाखव.' पोरगे एका दमात म्हणून दाखवते. पाहुणे शाबासकी देतात, आईबापाची छाती फुगते. या म्हणण्याला गणित समजणे, ही आपली पहिली चूक.

एक साधी परीक्षा आहे. ती आजच संध्याकाळी घरी करून पाहावी. पहिलीतल्या मुलासमोर सात चिंचोके ठेवा आणि मोजायला सांगा. काही मुले तोंडाने भराभर म्हणतील, पण बोट मागे राहील. एका चिंचोक्यावर दोन आकडे पडतील किंवा एखादा चिंचोका सुटेल. काही मुले नीट मोजतील. त्यांना लगेच विचारा, 'मग किती झाले?' पुष्कळ मुले पुन्हा 'एक, दोन, तीन...' असे सुरू करतात. याचा अर्थ असा, की मोजताना शेवटी जो आकडा आला, तोच सगळ्यांचा मिळून आकडा, हे अजून त्या मुलाला उमगलेले नाही. मग तेच सात चिंचोके जरा लांब लांब पसरून ठेवा आणि विचारा, 'आता जास्त झाले का?' मूल 'हो' म्हणाले तर रागावू नका. लहान मुले अशीच विचार करतात, हे स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. वय वाढते, हाताने हलवून-मांडून पाहायला मिळते, तसे ते बदलत जाते.

मुद्दा असा, की संख्येचे नाव, संख्येचे चिन्ह आणि प्रत्यक्ष तेवढ्या वस्तू या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'सात' हा शब्द, '७' हा आकडा आणि सात चिंचोके. या तिघांची गाठ मुलाच्या डोक्यात बसली पाहिजे. शाळेत आणि घरीही आपला सगळा भर पहिल्या दोघांवर. पाटीवर १ ते १०० दहा वेळा लिहून काढ, असा गृहपाठ दिला की बापही खूश आणि मूलही गप्प. पण चिंचोके राहिले बाजूला. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

पेंढी, पाचुंदा आणि दशक

नऊपर्यंत बहुतेक मुलांची गाडी कशीबशी चालते. खरा खड्डा आहे तो दहाशी. गुरुजी फळ्यावर २३ लिहितात आणि सांगतात, 'दशकाच्या घरात दोन, एककाच्या घरात तीन.' मूल मान डोलावते. पण त्याच्या मनात प्रश्न असतो, की कालपर्यंत २ म्हणजे दोनच होते, आज ते एकदम वीस कसे झाले? हा प्रश्न मूल विचारत नाही आणि आपण सांगत नाही. इथून जे घोटाळे सुरू होतात, ते पाचवीच्या भागाकारापर्यंत पाठ सोडत नाहीत.

आता शेतकऱ्याला हा प्रश्न खरे तर पडायलाच नको. कडब्याच्या पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. दोन पाचुंदे आणि वर तीन पेंढ्या म्हणजे तेरा पेंढ्या, हे सांगायला आपल्याला कागद-पेन्सिल लागत नाही. पाचुंदा 'दोन' असला, तरी पेंढ्या दहा आहेत, हे आपल्या हाडीमासी मुरलेले आहे. दशक म्हणजे दुसरे काही नाही, फक्त गठ्ठा पाचाऐवजी दहाचा. तुराटीच्या बारीक काड्या घ्याव्यात, दहा-दहाच्या पेंढ्या बांधाव्यात. दोन पेंढ्या आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवल्या, की २३ मधला २ का मोठा आणि ३ का लहान, हे मूल डोळ्यांनी पाहते. पेंढी सोडून पुन्हा मोजली, तर वीसच भरतात, याची खात्रीही त्याची तेच करून घेते.

शून्याचेही तसेच. 'शून्य म्हणजे काही नाही' असे सांगून आपण मोकळे होतो. मग २० मधले शून्य कशाला लिहायचे, असे मुलाने विचारले, तर काय सांगणार? दोन पेंढ्या आहेत, सुटी काडी एकही नाही, म्हणून तिथे शून्य. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे शून्य जागा धरून बसते. ते काढून घेतले, तर २० चे नुसते २ होतील. एवढे सांगितले आणि काड्यांनी दाखवले, की पुरते.

बऱ्याच शाळांत गणित पेटी आलेली आहे. तिच्यात मण्यांची माळ, दहाचे दांडे, सुटे ठोकळे, खोट्या नोटा असतात. साहित्य उत्तम आहे. मात्र काही ठिकाणी पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप, अशी अवस्था दिसते. 'साहित्य हरवलं तर जबाबदार कोण?' ही शिक्षकांची भीतीही खोटी नसते. तरीही सांगावेसे वाटते, की मुलांनी हाताळून दोन मणी हरवले तर चालतील. पण पेटी नवी कोरी राहिली आणि मुले कोरी राहिली, तर नुकसान मोठे.

आणखी एक बदल ध्यानात घेण्यासारखा आहे. पूर्वी दुकानातून साखर-चहा आणायला पोराला नोट देत, ते उरलेले सुटे मोजून आणी. दहाची नोट मोडली की एक-एक रुपयाची दहा नाणी येतात, हे त्याला व्यवहारात कळे. आता दुकानदाराला फोनवरूनच पैसे जातात. सोय झाली हे खरे, पण पोरांच्या हातातून सुटे पैसे गेले आणि त्याबरोबर दशकाचा एक आयता धडाही गेला.

बावन्नच्या पोटात काय आहे?

आपल्या मराठीचा अभिमान सर्वांनाच आहे. पण संख्यांच्या नावांच्या बाबतीत मराठी मुलावर जादा ओझे पडते, हे मान्य करावे लागेल. 'एकवीस' म्हणताना एक आधी येतो आणि वीस मागून. लिहिताना मात्र २ आधी आणि १ मागून. ऐकल्याप्रमाणे लिहिणारे मूल एकवीसचे १२ करते आणि त्रेसष्टचे ३६. आपण म्हणतो, पोरगे बेफिकीर आहे. ते बेफिकीर नसते. कानाने ऐकले तसेच ते लिहीत असते.

पुढचा घोळ 'एकोण'चा. एकोणतीस म्हणताना ओठांवर तीस, पण लिहायचे २ ने सुरू करून. तीसाला एक उणे म्हणून एकोणतीस, हे आपल्याला कळते. सहा वर्षांच्या पोराला ते कोणी फोडून सांगितलेले नसते. एकोणीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास अशी ही रांग एकोणनव्वदपर्यंत जाते आणि नव्याण्णव मात्र वेगळीच चूल मांडतो. शिवाय दशकांची नावेही रूप पालटतात. पन्नासचे बावन्न, त्रेपन्न होते; साठचे बासष्ट, त्रेसष्ट होते. 'बावन्न' ऐकून त्यात ना धड दोन ऐकू येतात, ना धड पन्नास.

आपल्या टोळ्या कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. तिथे कन्नडमध्ये वीसला इप्पत्तु म्हणतात, एकला ओंदु आणि एकवीसला इप्पत्तोंदु. तेलुगूत वीस म्हणजे इरवै, एक म्हणजे ओकटि आणि एकवीस म्हणजे इरवै ओकटि. जसे लिहायचे तसेच बोलायचे. चिनी भाषेत तर अकराला 'दहा एक' आणि एकवीसला 'दोन दहा एक' अशा अर्थाचे शब्द आहेत. तिथल्या मुलाला दशक-एकक भाषेतूनच मिळते. आपल्या मुलाला ते वेगळे शिकवावे लागते.

वाचकांना २०१९ सालचा गदारोळ आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', बावन्नला 'पन्नास दोन' अशी मांडणी आली आणि राज्यभर चर्चा उसळली. विधानसभेतही कोपरखळ्या झाल्या, चेष्टा झाली, मराठी बुडाली असेही म्हणून झाले. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष असलेल्या ज्येष्ठ गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी शांतपणे कारण सांगितले होते. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुले अडखळतात, गणिताची धास्ती घेतात, म्हणून ही सोपी वाट. जुनी नावे रद्द केलेली नाहीत, हा खुलासाही झाला होता. पण गदारोळात तो कोणाच्या कानी गेला नाही.

आमच्या मते यात भांडण्यासारखे काही नव्हते आणि नाही. जुनी नावे कोणाला पुसता येणार नाहीत. ती बाजारात आहेत, आजीच्या तोंडात आहेत, लिलावाच्या बोलीत आहेत. 'वीस एक' एवढेच शिकलेले पोरगे बाजार समितीत गेले, तर भावच कळणार नाही. पण नुसते 'एकवीस' पाठ केलेल्या पोराला २ कुठे आणि १ कुठे ते कळत नाही. म्हणून दोन्ही सांगावे. दोन पेंढ्या आणि एक काडी हातात द्यावी, 'वीस आणि एक' म्हणावे, '२१' लिहावे आणि मग म्हणावे, 'याला आपण एकवीस म्हणतो.' पन्नास आणि दोन, म्हणून बावन्न. तीसाला एक कमी, म्हणून एकोणतीस. नाव बदलायची गरज नाही, नावाच्या पोटात काय आहे ते उघडून दाखवायची गरज आहे. यासाठी शासन निर्णय लागत नाही.

बाजारातले गणित आणि शाळेतले गणित

मोळ्या मोजता येणाऱ्याला वही का वाचता येत नाही, हा प्रश्न आपण सुरुवातीला काढला होता. यावर थेट उजेड पाडणारा एक अभ्यास २०२५ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. नोबेल पारितोषिक मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांचा त्यात सहभाग होता. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत भाजीपाला व इतर माल विकणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांना त्यांनी तपासले. एवढे किलो अमुक भावाने, तेवढे किलो तमुक भावाने, नोट दिली तर परत किती, हा हिशेब ही मुले तोंडी अचूक करीत. पण तेच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडून दिले, की बहुतेक अडत. उलट नुसत्या शाळेत जाणाऱ्या मुलांना कागदावरचे थोडेफार येई, पण बाजारातला हिशेब जमत नसे. दोन्ही गणिते एकाच डोक्यात असू शकतात. पण त्यांच्यात पूल नसेल, तर एकाचा दुसऱ्याला उपयोग होत नाही.

म्हणून 'खेळातून गणित' एवढे म्हणून भागत नाही. दिल्लीतल्या बालवाड्यांमध्ये गणिताचे खेळ घेऊन पाहिले गेले, त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. खेळांमुळे मुलांची कमी-जास्त ओळखण्याची, आकार ओळखण्याची समज वाढली आणि टिकलीही. पण पुढे शाळेत गेल्यावर शाळेच्या गणितात त्याचा फायदा दिसला नाही. कारण खेळातली समज आणि पाटीवरचा आकडा यांची जोडणी झालेली नव्हती. धडा सरळ आहे. चिंचोके खेळा, पण त्यांच्या शेजारी आकडाही लिहा. कोंबडीची अंडी मोजा, पण चार आणि तीन मिळून सात झाली, हे ४ + ३ = ७ असे पाटीवर उतरवा. वस्तूकडून आकड्याकडे आणि आकड्याकडून वस्तूकडे, असे जाणे-येणे रोज झाले पाहिजे.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. पाड्यांवरची मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. साहित्यही आसपास मिळेल तेच वापरले. आज गावोगाव जी अंगणवाडी आहे, तिच्या नावातच हा इतिहास आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी असा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि आपल्या राज्यात पहिलीला तो २०२५-२६ पासून लागू झाला. कागदावर अंगणवाडी आणि शाळा एक झाल्या. गावात मात्र सेविका आणि पहिलीचे गुरुजी एकमेकांशी महिनोन्महिने बोलत नाहीत, असे चित्र अजूनही दिसते.

दिवाळीनंतरची रिकामी जागा

आपल्या जिल्ह्याचे दुखणे आणखी वेगळे आहे. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात, ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळा जूनमध्ये भरते. पहिले सत्र जाते एक ते नऊ, शून्य, लहान बेरजा यांत. दशकाचे मुख्य काम साधारणपणे दिवाळीच्या आगेमागे सुरू होते, आणि नेमके तेव्हाच पोरगे ट्रकमध्ये बसून फडावर जाते. परत येते तेव्हा वर्ग शंभरावर पोचलेला असतो. पहिलीत कोणाला मागे ठेवत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये ते दुसरीत बसते. फक्त दशक मधल्या मधे राहून जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. चौथी-पाचवीपर्यंत पोरगे म्हणते, 'मला गणित येतच नाय.' आणि मग कोयता हाती घ्यायला वेळ लागत नाही. बापाची वही तशीच पोराकडे येते.

यावर हंगामी वसतिगृहे आहेत, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. आजी-आजोबांपाशी मूल गावात राहिले आणि वसतिगृह वेळेवर सुरू झाले, तर पुष्कळ काम होते. वसतिगृह दिवाळीनंतर महिनाभराने सुरू झाले, तर कोयता कोणासाठी थांबत नाही; मूल बरोबरच जाते. त्यामुळे प्रस्ताव दसऱ्याआधी जाणे, हे शाळा व्यवस्थापन समितीचे आणि मुख्याध्यापकांचे काम आहे.

जे मूल फडावर जाणारच आहे, त्याच्यासाठीही थोडे करता येईल. जाताना पिशवीत पन्नास काड्या, चार-पाच रबरे, एक पाटी आणि आकड्यांचे कार्ड द्यावे. फडावर मोळी बांधणे चालूच असते. दहा मोळ्या झाल्या की पाटीवर एक रेघ, एवढे काम पोराला द्यावे. रात्री विचारावे, 'रेघा किती? सुट्या मोळ्या किती? मिळून किती?' आईबाप निरक्षर असले, तरी मोळ्यांचा आकडा त्यांना ठाऊक असतो. चूक तेच पकडतील. शाळेने नाही दिला, तरी दशकाचा धडा फडावर मिळू शकतो; फक्त तो पाटीवर उतरला पाहिजे.

गुरुजींचीही बाजू

या सगळ्याचे खापर शिक्षकांवर फोडणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. दोन शिक्षकी शाळेत एका गुरुजींपुढे पहिली आणि दुसरी एकत्र बसते. पहिलीला काड्या द्यायच्या, तर दुसरीला काय द्यायचे? त्यात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणे. निवडणूक आणि जनगणना ही कामे तर कायद्यानेच शिक्षकांकडे येतात. पहिलीच्या मुलाला रोज हात धरून बसवावे लागते. आठवडाभर गुरुजी नसले, तर मूल पुन्हा मागे जाते.

पालकांचाही त्यात वाटा आहे. वहीत पाने भरलेली दिसली नाहीत, की आपण शाळेत जाऊन विचारतो, 'गुरुजी, पोरं नुसती काड्यांशी खेळत्यात, शिकवता का न्हाई?' मग गुरुजीही पाने भरून घेतात. गावातून बस भरून इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांची तऱ्हा निराळी. तिथे 'वन टू हंड्रेड', घरी 'एक-दोन'. दोन्ही नावे येतात, पण दशक कोणत्याच भाषेत कळलेला नसतो. फी भरली म्हणून समज विकत मिळत नाही.

गावाने काय करावे?

पहिली गोष्ट, शाळेच्या ओट्यावर किंवा पटांगणात फरशीवर दहा बाय दहाचा शंभर घरांचा तक्ता रंगवून घ्यावा. एका ओळीत दहा घरे. मुले त्यावर उड्या मारत मोजतील. दहा घरे पुढे गेले, की आकडा बरोबर खालच्या घरात येतो, हे पायांनी शिकतील. खर्च रंगाच्या डब्याचा आणि एका दिवसाच्या मजुरीचा. सरपंचांनी मनात आणले, तर आठवड्यात होणारे काम आहे.

दुसरी गोष्ट, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. समितीने बैठकीत नुसत्या सह्या न करता तिमाहीतून एकदा पहिलीच्या वर्गात जाऊन बसावे. चिंचोक्यांची परीक्षा तिथे घ्यावी, पण मुलांना किंवा गुरुजींना धारेवर धरण्यासाठी नव्हे. कोण कुठे अडले ते समजून घेण्यासाठी. गणित पेटी कपाटाबाहेर आहे ना, तेही पाहावे.

तिसरी गोष्ट, ग्रामसेवकांनी (आता त्यांचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे) विकास आराखडा तयार करताना खोल्या आणि संरक्षक भिंत यांपलीकडेही पाहावे. अंगणवाडी आणि पहिली यांना लागणारे साहित्य फार थोड्या पैशांत येते. सेविका आणि पहिलीचे शिक्षक यांची महिन्यातून एक बैठक ग्रामपंचायतीत लावून द्यावी. त्याला तर पैसेही लागत नाहीत.

चौथी गोष्ट घरची. रोज दहा मिनिटे. शेरडे किती गेली, किती आली? भाकरी पाच, माणसे सात, किती कमी? सात शेंगा आहेत, दहा व्हायला किती पाहिजेत? उत्तर आले की ते पाटीवर आकड्यात लिहायला सांगावे. पोराने बोटे मोजली तर मोजू द्यावीत. बोटे दहाच आहेत, दशक तिथेच आहे. चुकले तर 'ढ' म्हणू नये. पहिलीत बसलेला 'ढ'चा शिक्का दहावीपर्यंत निघत नाही.

मराठीत वैर पडले, की 'छत्तीसचा आकडा' म्हणतात. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात म्हणून. आकड्यांची जागा बदलली की ६३ होतात आणि तेच दोघे समोरासमोर येतात. आपल्या पोरांचे आणि गणिताचे असेच आहे. पोर हुशार आहे, गणितही अवघड नाही. फक्त दोघांची तोंडे एकमेकांकडे वळवून द्यायची आहेत, आणि ते काम पहिलीच्या वर्षातच करायचे आहे. ते झाले, तर पंधरा-वीस वर्षांनी ओट्यावर वही उघडली जाईल तेव्हा समोर बसलेला माणूस 'बरोबर असंल' असे न म्हणता 'वही जरा हिकडं द्या, मला बघू द्या' असे म्हणेल.